जुना एसटीडी बूथ परत उघडायचा, की फेरीबोट सोडायची?

खांडेपारकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतो. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचा.

मी फोंड्याकडचा. नोकरी सांभाळून नाटकं लिहितो, गावच्या उत्सवात कामं करतो. गेल्या महिन्यात इथल्या एका स्थानिक वाहिनीने विनोदी मालिका लिहायला बोलावलं. वाहिनीचं नाव देत नाही. बावीस मिनिटांचा एक भाग, पहिले तेरा भाग, गणेश चवथीच्या आसपास सुरुवात. मी दोन रात्री जागून एक कल्पना कागदावर उतरवली. रायबंदर ते चोडण फेरीबोट. एक भाग म्हणजे एक खेप. फळी वर गेली की उतरायची सोय नाही, मांडवीच्या मधोमध सगळे एकमेकांच्या तावडीत. भांडलेले दोघे भाऊ, मुलगी बघायला निघालेलं कुटुंब, पोपळीच्या बागेचा वाद घेऊन कोर्टात निघालेला म्हातारा आणि त्याच वादातला समोरचा पक्ष.

त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "छान आहे. पण ते जुनं परत करूया. नाव लोकांच्या तोंडात आहे. प्रायोजक नुसत्या नावावर तयार आहेत."

ते जुनं म्हणजे नव्वदच्या दशकात केबलवर लागायचा तो कार्यक्रम. तिंट्यावरचा, म्हणजे गावच्या नाक्यावरचा एसटीडी बूथ, जिथे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचे, बूथवाला, आणि फोन करायला येणारं अख्खं गाव. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना नक्की आठवत असेल. मला तर एक भाग अजून डोळ्यांसमोर आहे. रात्रीची वेळ, दर उतरलेले, म्हणून बाहेर रांग. एक आई मुंबईला नोकरीच्या शोधात गेलेल्या मुलाला फोन लावते. "जेवलास?" तो म्हणतो, जेवलो. मग दोघेही गप्प. बिल मोजणाऱ्या मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकतायत, रांगेतले लोक माना लांब करून आकडे बघतायत, कुणीतरी हळूच हिशेब करतोय. आई म्हणते, "मग ठेवू?" तो म्हणतो, ठेव. "आधी तू ठेव." परत गप्प. परत आकडे. शेवटी बूथवाला खांद्यावरचा टॉवेल काढतो आणि मीटरवर टाकतो. बस, इतकंच. आमच्या शेजारच्या घरी पंधरा-वीस माणसं हा भाग बघत होती. टॉवेल पडला तेव्हा मोठ्याने हसली, आणि माझी आजी मात्र पदराने डोळे पुसत होती.

आता सांगा, हे परत कसं करायचं? बूथ गेला. मीटर गेला. आज ती आई मुलाला दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल करते, फुकट. त्या प्रसंगाचा जीव त्या लाल आकड्यांत होता. वाहिनीवाले म्हणतात, बूथच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान दाखवू, बूथवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसवू, शीर्षकगीत तेच ठेवू. मी नमुन्याचे तीन भाग लिहून दिले. मन लावून लिहिले, तरी वाचताना मला स्वतःला ते मेलेले वाटले. माणसं येतात, जुन्या गोष्टी आठवतात आणि जातात.

माझं म्हणणं असं की आज ज्याला आपण "जुनं ते सोनं" म्हणतो, ते त्या दिवशी कुणीतरी पत्करलेलं धाडस होतं. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका २००४ साली आली तेव्हा सासू-सुनांच्या रडारडीच्या काळात ती कुठे बसतच नव्हती. तेव्हा वाहिनीने "लोकांच्या ओळखीचंच द्या" म्हटलं असतं, तर इंद्रवदन आणि माया जन्मालाच आले नसते. २०१७ मध्ये तेच कलाकार वेबवर परत आले. मी पहिल्या दिवशी बघायला बसलो. सतीश शाह तेच, रत्ना पाठक शाह त्याच, टोमणे तेच, आणि तरी मला सारखं वाटत राहिलं की हे सगळे आपल्यासाठी जुना खेळ परत करून दाखवतायत.

तुम्हाला काय वाटतं? शनिवारपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे.

मडगावचा मधला

मी वेगळं बोलतो, रागावू नका. तुम्हाला काम मिळतंय, ते घ्या. मी छोट्या कार्यक्रमांसाठी प्रायोजक गोळा करायचं काम केलंय. सोनाराकडे किंवा फर्निचरवाल्याकडे जाऊन "नवीन कल्पना आहे" म्हटलं की तो "बघूया" म्हणतो. जुनं नाव घेतलं की त्याचा चेहरा खुलतो, कारण त्याने ते बायकोबरोबर, आईबरोबर बघितलेलं असतं. त्या आठवणीला तो पैसे देतो. यात वाईट काय आहे?

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' लावलं, 'देख भाई देख' लावलं, 'श्रीमान श्रीमती' लावलं. आमच्या घरी तीन पिढ्या एका सोफ्यावर होत्या. भीतीच्या दिवसांत माणसाला ओळखीचा आवाज लागतो.

चोडणची

मी रोज त्याच फेरीने जाते, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा. फेरीवरच लिहा!

फक्त एक दुरुस्ती. २०२५ पासून आमच्याकडे रो-रो फेरीबोट आली आहे. ती मोठी आहे, लवकर पोचते, गाड्या भरपूर घेते. लोक गाडीतून उतरतच नाहीत. जुन्या फेरीत सगळे कठड्याला टेकून उभे राहायचे, कोणाच्या पिशवीत काय मासळी आहे ते दिसायचं आणि त्यावरून बोलणं सुरू व्हायचं. आता काच वर आणि आत एसी. तेव्हा तुमची गंमत जुन्या फेरीच्या आठवणीवर उभी असेल, तर तुम्हीही बूथच उघडताय. राग मानू नका, पण हे लिहिताना डोळ्यासमोर ठेवा.

खांडेपारकाठ

चोडणची ताई, हे मला सुचलं नव्हतं. वर्षभरात मी त्या बाजूला फिरकलेलोच नाही. काच खाली घ्यायला लावणारं काहीतरी शोधायला हवं.

मधला, तुमचं प्रायोजकाचं बोलणं मी खोडत नाही. पण तुम्ही सांगताय ते पुनःप्रक्षेपण. 'देख भाई देख' जसंच्या तसं लावलं, म्हणून लोक बसले. कोणी नवीन 'देख भाई देख' केलं नव्हतं. आणि नवीन म्हटलं की आपल्याकडचा प्रेक्षक पाठ फिरवतो, हे मला पटत नाही. तुमच्याच मडगावात रवींद्र भवनात बघा. दर हंगामाला नवा तियात्र, म्हणजे आपलं गाण्यांचं कोंकणी नाटक. नवी गोष्ट, नवी कांतारां, कालच्या बातमीवर आजचं गाणं. लोक तिकीट काढून जातात. चाललेला तियात्र शंभर प्रयोग करतो आणि मग लेखक पुढच्याच्या मागे लागतो. "गेल्या वर्षीचा चालला होता, तोच आणा" असं तिथे कोण म्हणतं?

स्विंडनकर

मूळ डिचोलीचा, आता इंग्लंडात. इथे स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की रविवारी बाजारात कोंकणी ऐकू येते.

हाच प्रश्न इथल्या बीबीसीपुढे होता. २०१६ मध्ये त्यांनी आपल्या गाजलेल्या विनोदी मालिका एकेका भागापुरत्या परत आणल्या. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?', 'पॉरिज', 'गुडनाइट स्वीटहार्ट' आणि आणखी काही. पहिल्या मालिकेत कपड्यांच्या दुकानातली जुनीच पात्रं नवीन नटांनी केली. सगळं हुबेहूब, केसांच्या रंगापर्यंत. ती एका भागावरच थांबली. 'पॉरिज' मात्र २०१७ मध्ये पूर्ण मालिका म्हणून आली. तिथे मूळ लेखकांनीच लिहिलं होतं, पण जुन्या कैद्याची नक्कल केली नाही. त्याचा नातू तुरुंगात आणला, आणि गुन्हा आजचा दिला, संगणकावरचा. ती अजरामर झाली असं नाही. पण नातवाला स्वतःची अडचण होती, म्हणून निदान एक हंगाम उभी राहिली.

तुमच्या वाहिनीवाल्यांनी बूथवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसवलाय, पण त्याची अडचण काय, ते ठरवलंय का?

आणि थांबण्याबद्दल एक. 'फॉल्टी टॉवर्स' या इथल्या गाजलेल्या विनोदी मालिकेचे सगळे मिळून बारा भाग आहेत. सहा १९७५ चे, सहा १९७९ चे. पन्नास वर्षं लोक तेच बारा बघतायत.

पेडण्याचा

मी कमी लिहितो, पण या विषयावर राहवत नाही.

आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. वर्षानुवर्षं तेच. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळे कपडे, उंच टोपी, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर. तो वेद चोरतो, विष्णू त्याला मारतो. पाच वर्षांच्या पोराला सुद्धा शेवट पाठ. तरी रात्री बारा वाजता माणसं घोंगडी घेऊन बसतात. का बसतात?

कारण त्याच्या तोंडचं एक वाक्य लिहिलेलं नसतं. दशावताराला संहिताच नाही. नट आयत्या वेळी बोलतो, समोरचा आयत्या वेळी उत्तर देतो. लहानपणी आमच्या देवळात एक संकासूर यायचा. हरदासाने त्याला दरडावून विचारलं, वेद कुठे लपवलेस? तो म्हणाला, "चोरलंय खरे, पण माका वाचूक खंय येता? तू वाचून दाखव, मगे देतंय." हरदास पण गप्प झाला, त्याला उत्तर सुचेना. ती दोन क्षणांची शांतता आणि मग उठलेला हशा मी विसरणार नाही. पुढच्या वर्षी मी तेच वाक्य ऐकायला पुढे जाऊन बसलो. त्याने ते घेतलं नाही. मी नाराज झालो, बाबा म्हणाले, "तें ग्यालें. आज किदें म्हणटा तें आयक."

तेव्हा जुनं की नवीन हा वाद मला कळत नाही. टोपी जुनीच असू दे. तोंडातलं वाक्य आजचं आहे की नाही ते सांगा.

जुना नाटक्या

पेडण्याच्या दादांनी मर्मावर बोट ठेवलं. मी वयाने तुमच्या सगळ्यांहून मोठा असेन, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मराठी दूरचित्रवाणीवरचा पहिला लाडका विनोदी नायक कोण? चिमणराव. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, सत्तरच्या दशकातलं मुंबई दूरदर्शन. पण चिमणराव तेव्हा नवीन होता का? त्याच्या गोष्टी लिहिणारे चिं. वि. जोशी १९६३ सालीच गेले होते. गोष्टी त्याच्याही कितीतरी आधीच्या. १९४० मध्ये मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. म्हणजे आपण ज्याला मूळ समजतो, तेच पुनरुज्जीवन होतं! खांडेपारकाठ, म्हणून परत आणणं म्हणजे मेलेलंच, असं सरसकट म्हणू नका. प्रभावळकरांनी दामुअण्णांची नक्कल केली नाही. त्यांनी गोष्टी वाचल्या आणि स्वतःचा चिमणराव शोधला. धाडस तिथे होतं.

आता दुसरी बाजू. आमच्या गावच्या रंगमंचावर 'संशयकल्लोळ' मी सात वेळा बघितलंय, दोनदा त्यात उभा राहिलोय. नाटक १९१६ चं. कुणीच विचारत नाही, परत का करता? कारण नाटक पडदा पडला की नाहीसं होतं. परत केलं नाही तर उरणारच नाही. दूरचित्रवाणीचं तसं नाही. तिथे जुना भाग युट्यूबवर तसाच बसलेला असतो, नव्याच्या बाजूला, एका बोटाच्या अंतरावर. परत आलेला नट आपल्याहून तरुण अशा स्वतःशीच स्पर्धा करतो आणि हरतो. २०२२ च्या नोव्हेंबरात 'फू बाई फू' परत आलं, ते फार दिवस टिकलं नाही, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. शिवाय 'हास्यजत्रे'ने २०१८ पासून प्रेक्षकांना वेगळी चव लावलेली होती. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००४ मध्ये थांबली आणि थांबलेलीच राहिली. मला आबा हवे झाले की मी तेच जुने भाग लावतो, आणि तेवढ्यावर माझं भागतं.

२०२५ मध्ये दोन महिन्यांच्या आत बाळ कर्वे गेले आणि सतीश शाहही गेले. शाह गेले त्या संध्याकाळी मी दोघांचे जुने भाग लावून बसलो होतो. ते होते म्हणून लावता आले.

मडगावचा मधला

नाटक्या काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावर अडलो. साराभाई आहेत, टिपरे आहेत. पण या बूथवाल्या कार्यक्रमाचे भाग कुठे आहेत? मी आत्ता अर्धा तास शोधले. युट्यूबवर एकही नाही. वाहिनीकडे असतील ना? असतील तर तेच का लावत नाहीत? त्याला तर खर्चही नाही.

खांडेपारकाठ

मधला, तुमचं वाचून आज दुपारी सरळ वाहिनीच्या ऑफिसात गेलो. तिथे जुने एक कॅमेरामन आहेत, ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. लोखंडी कपाट, खालचा कप्पा. व्हीएचएस आणि थोड्या यू-मॅटिक जातीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट. एक कॅसेट हातात घेतली, खिडकीतून आत बघितलं, तर काळ्या फितीच्या कडेला पांढरी पावडर. बुरशी. आपल्या तीस पावसाळ्यांची. बऱ्याच कॅसेटवर तर वरून दुसऱ्याच कुठल्या तरी समारंभांचं रेकॉर्डिंग केलेलं, कारण तेव्हा कोरी कॅसेट महाग होती. ते म्हणाले, "टॉवेलवाला भाग मीच शूट केला होता. तो यात नाही. मी शोधून दमलो."

मी त्या खोलीत बराच वेळ नुसता उभा राहिलो. पंधरा दिवस मी या कार्यक्रमाशी भांडत होतो, आणि तो कुठे उरलेलाच नाही. माझ्या आणि तुमच्या डोक्यात आहे तेवढाच.

नाटक्या काका, तुमच्या हिशेबाने मग हे नाटकासारखं झालं ना? परत केलं नाही तर उरणारच नाही?

स्विंडनकर

खांडेपारकाठ, इथेही हे झालंय, आणि फार मोठ्या प्रमाणावर. टेप महाग म्हणून बीबीसीने जुने कार्यक्रम पुसून त्याच टेप परत वापरल्या. 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचे १९६९ चे तीन भाग कायमचे गेले. पण संहिता कागदावर शिल्लक होत्या. २०१९ मध्ये इथल्या दुसऱ्या एका वाहिनीने ते तीनच भाग नव्या नटांना घेऊन चित्रित केले. शब्द तेच, पोशाख तेच, काळ तोच. पुढची गोष्ट रचली नाही. हरवलेलं तेवढंच भरून काढलं. मी ते बघितले, आणि मला ते 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'सारखे खुपले नाहीत.

तुमच्याकडे संहिता आहेत का? आणि त्या बुरशीच्या कॅसेट कृपा करून व्हीसीआरमध्ये घालू नका, रिवाइंडही करू नका. बुरशी मशीनमधल्या, फीत वाचणाऱ्या हेडवर जाते, फीत चिकटून तुटते, आणि मग पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आधी साफ करून घ्यायला लागते. व्हीसीआर बनवणं जगात २०१६ मध्येच थांबलं, तेव्हा चालू मशीन मिळालं तर सांभाळून वापरा.

चोडणची

थांबा, थांबा. माझ्या मावशीच्या यजमानांना केबलवरचं रेकॉर्ड करायची फार हौस होती. ते आता नाहीत, पण कपाटात कॅसेटचे तीन डबे आहेत, प्रत्येकीवर कागद चिकटवून निळ्या शाईत लिहिलेलं. मावशीला फोन केला. तिने वाचून दाखवलं. गणपतीची आरास, मुंजीचं जेवण, क्रिकेट, आणि दोन कॅसेटवर नुसतं "बूथ". मावशीने ते डबे वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या वर ठेवलेत, चुलीच्या उबेत. ती म्हणते कागद सुद्धा पिवळा पडलेला नाही.

जुना नाटक्या

चोडणची बाय, त्या मावशीला माझा नमस्कार सांग. आणि खांडेपारकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. होय, हरवलेलं असेल तर परत करा. पण आहे तसं करा, बूथ, मीटर, टॉवेल, सगळं त्या काळातलं. रिचार्जचं दुकान नको.

खांडेपारकाठ

मंडळी, शनिवारची बैठक आत्ताच संपली, लगेच लिहितोय.

त्यांना सांगितलं की बूथवाल्याच्या मुलाची गोष्ट मी लिहिणार नाही, माझ्याकडे त्याच्यासाठी गोष्ट नाही. मावशींच्या कॅसेटमधून जे निघेल ते आहे तसं साफ करून चवथीत दाखवा, त्याला प्रायोजक जुन्या नावावरच मिळेल. मधला, हे तुमचंच गणित. टॉवेलचा भाग त्यात निघाला नाही, तर तो एकच भाग मी आठवणीतून परत लिहीन, आणि तेच कॅमेरामन तो शूट करतील. त्यांनी फ्रेम सुद्धा सांगितली मला, मीटर डावीकडे, आईचा हात उजवीकडे. आणि फेरीचे चार भाग, तेरा नव्हे, चार. चालले तर पुढचं बोलू. सरळ हो म्हणाले नाहीत, पण चार भागांचा खर्च काढून आणायला सांगितलाय.

चोडणची ताई, रविवारी सकाळी मी येतोय. आधी दोन-तीन खेपा नुसत्या मारतो, रो-रोवर, गाडी न घेता. काचा वर असतानाही लोक काय करतात ते बघायचंय. काल रात्री एक सुचलं. बाहेर जोराचा पाऊस, सगळ्या काचा वर, आणि एका गाडीचा हॉर्न अडकलाय. थांबतच नाही. मालक आत नाही, चावी कुठे सापडत नाही, आणि एकेक करून सगळे छत्र्या उघडून उतरतायत.

मग अकराच्या सुमाराला मावशींकडे येतो. कॅसेट उन्हात ठेवू नका म्हणावं, आणि माझ्यासाठी चहा नको, नुसतं पाणी चालेल. येताना मऊ कापड आणि दोन रिकामे डबे आणतो.